तळहात कोरडे, पाठ ओली

१० फेब्रुवारी, सांगलीवाडी. रात्री.

आज यार्डात नव्या राजापुरी हळदीचे सौदे होते. सवयीने ओंजळभर हळकुंडं उचलली, परत टाकली आणि हात बघितला. नुसती धूळ. झटकली, गेली. गेल्या वर्षीपर्यंत याच हातावर घामाने पिवळा चिखल व्हायचा. अडतीवर हिशेबाची पट्टी लिहिताना मनगटाखाली रुमालाची घडी लागायची, नाहीतर शेतकऱ्याच्या नावावर शाई पसरलीच म्हणून समजा. अंगठ्याचं मशीन तर मला ओळखायचंच नाही. लग्नात हातात हात दिला तेव्हा हिला वाटलं, हा माणूस घाबरलाय. घाबरलो होतोच म्हणा, पण हात रोजच तसा असायचा.

ऑपरेशनला चार महिने झाले. त्याआधी रात्री लावायचं ॲल्युमिनियम क्लोराईडचं औषध झालं, पाण्याच्या ट्रेमध्ये हात बुडवून बारीक करंट घेणंही झालं. ट्रेने फरक पडायचा, पण सोडलं की पुन्हा पहिल्यासारखं. शेवटी मिरजेच्या सर्जननी कागदावर चित्र काढून दाखवलं. मणक्याच्या कडेने, बरगड्यांच्या मुळांवरून सिंपथेटिक नसांची साखळी उतरते. घामाचा हुकूम हातापर्यंत तिथून जातो, आणि बोटांच्या रक्तवाहिन्या आवळण्याचाही. काखेखाली छोटी छिद्रं पाडायची, भूल देऊन एकेका बाजूचं फुफ्फुस थोडा वेळ खाली बसवायचं, आणि दुर्बिणीतून बघत ती साखळी तोडायची.

त्यांनी काही लपवलं नाही. "हाताचा घाम थांबेल, पण तो पाठीवर, पोटावर, मांड्यांवर निघू शकतो. क्वचित पापणी उतरते. आणि तोडलेलं पुन्हा जोडता येईल असं धरून चालू नका." थंडीत बोटं पांढरी पडतात, त्याबद्दल म्हणाले, "सुरुवातीला बरं वाटेल, टिकेलच असं नाही." मी मान हलवत होतो. ऐकू फक्त 'घाम थांबेल' एवढंच येत होतं.

शुद्धीवर आलो तेव्हा आईने हात धरला आणि लगेच सोडला. म्हणाली, "अगं बाई, गरम आहे की! ताप आलाय का?"

आता गंमत अशी की नोटा मोजायला मला स्पंज लागतो. पंधरा वर्षांत पहिल्यांदा मालकांच्या गल्ल्यावरची ती डबी पुढे ओढली तर मालक हसायलाच लागले. पाठीचं मात्र डॉक्टर म्हणाले तसंच झालं. दुपारी दोन पोती इकडची तिकडे केली की शर्ट पाठीला चिकटतो. खिशातला रुमाल गेला, गाडीच्या डिकीत जादा बनियन आला. तरी हा सौदा मला परवडला. पाठीशी कोण हात मिळवतंय?

पण आज सकाळी आयर्विन पुलावर, नदीवरून गार वारं आलं आणि डाव्या हाताची दोन बोटं खडूसारखी पांढरी. चार महिन्यांत पहिल्यांदा. पूल ओलांडून टपरीवर थांबलो, चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून बसलो. आधी निळी झाली, मग लाल, मग मुंग्या. हिला अजून सांगितलेलं नाही. लोकरीचे हातमोजे माळ्यावरच्या ट्रंकेत आहेत, ते काढले की तिला कळेलच.