थेटफर्ड एका दिवसात होतं का?

इंग्लंडात शिकायला किंवा नोकरीला असलेली मंडळी आणि उन्हाळ्यात त्यांच्याकडे येणारे आईवडील यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. कोहिनूरवाल्या दलीपसिंगांचं, म्हणजे पंजाबच्या शेवटच्या महाराजांचं गाव म्हणजे थेटफर्डच ना? मग तिथे त्यांचा महाल बघता येतो का, आणि लंडनहून सकाळी निघून रात्री घरी परतता येतं का?

परतता येतं. महाल मात्र बघता येत नाही. तो थेटफर्डात नाहीच, तिथून सहा-सात किलोमीटरवर एल्व्हेडन नावाच्या खेड्यात आहे. खाजगी मालकीचा आहे आणि लोकांसाठी उघडा नसतो. ही एवढी गोष्ट आधी कळली नाही की अख्खा दिवस वाया जातो. माणसं टॅक्सी करून थेट महालाच्या फाटकाशी जाऊन उभी राहतात, तिथून हिरमुसून परत येतात आणि गावात जे खरोखर बघण्यासारखं आहे त्याला वेळच उरत नाही.

थेटफर्ड नॉरफक परगण्यात आहे. थेट आणि लिटल ऊस या दोन नद्यांच्या संगमावर वसलेलं हे जुनं बाजाराचं गाव. लंडनहून केंब्रिज किंवा ईलीला गाडी बदलावी लागते, सगळा प्रवास साधारण दोन तासांचा. केंब्रिज ते नॉरिच जाणाऱ्या गाड्या इथे थांबतात, पण तासाला एखादीच, त्यामुळे परतीची वेळ आधीच बघून ठेवा. मंगळवार आणि शनिवार हे बाजाराचे दिवस. त्यातही शनिवार बरा, कारण स्वयंसेवकांनी चालवलेली छोटी संग्रहालयं आठवड्यात एरवी बंदच असतात. रविवार-सोमवार टाळा.

गाव पहिल्या नजरेत भरत नाही, हेही सांगून ठेवतो. १९५० च्या दशकात इथे जेमतेम पाच हजारांची वस्ती होती. मग लंडनची गर्दी कमी करण्यासाठी तिथली कुटुंबं आणि कारखाने इथे आणायचं ठरलं, आणि वीस वर्षांत वस्ती दुपटीच्या पुढे गेली. म्हणून मोटारीने येताना आधी साध्या सरकारी घरांच्या रांगा आणि गोदामं लागतात. जुनं गाव त्यांच्या पोटात आहे, आणि ते पायी फिरण्याइतकं लहान आहे.

स्टेशनवरून दहा-पंधरा मिनिटं चालून आधी प्रायरीच्या, म्हणजे जुन्या मठाच्या अवशेषांकडे जा. सकाळी तिथे कुणी नसतं, आणि तिकीटही नाही. रॉजर बिगॉड या नॉर्मन सरदाराने ११०३-०४ मध्ये क्लूनी पंथाच्या साधूंसाठी हा मठ स्थापला आणि ११०७ मध्ये आजच्या जागी त्याचं बांधकाम सुरू झालं. तेराव्या शतकात एका आजारी कारागिराला मेरीमातेने स्वप्नात दर्शन दिल्याची वार्ता पसरली, तिच्यासाठी वेगळं देवघर बांधलं गेलं आणि यात्रेकरूंची रीघ लागली. पुढे नॉरफकच्या ड्यूक घराण्याचं दफनस्थान इथेच होतं. आठव्या हेन्रीचा अनौरस मुलगा हेन्री फिट्झरॉय यालाही १५३६ मध्ये इथेच पुरलं. राजाने देशभरचे मठ मोडीत काढले तेव्हा ड्यूकने हा वाचवायची खूप खटपट केली. राजा आधी हो म्हणाला, मग फिरला, आणि १५४० मध्ये मठ बंद झाला. घराण्याच्या कबरी सफक परगण्यातल्या फ्रॅमलिंगहॅमच्या चर्चमध्ये हलवल्या गेल्या. त्या आजही तिथे आहेत.

इथे भिंतींजवळ जाऊन बघा. लांबून त्या कुणीतरी कुरतडल्यासारख्या दिसतात. या भागात घडवता येईल असा दगड मिळत नाही. जमिनीत मिळतो तो चकमकीचा दगड, म्हणजे फ्लिंट. बाहेरून पांढरट, फोडला की आतून काळा, काचेसारखा गुळगुळीत. तो छिन्नीने कोपऱ्यात बसवता येत नाही. म्हणून भिंतीच्या आत चुन्यात फ्लिंटचा भराव घालायचे आणि बाहेरून लांबून आणलेल्या घडीव दगडाची कातडी चढवायचे. मठ बंद झाल्यावर लोकांनी सगळ्यात आधी हा महागाचा घडीव दगड उचकटून नेला. आज उभा आहे तो आतला भराव. खांबांच्या पायथ्याशी कुठेकुठे घडीव दगडाचे थर शिल्लक आहेत. त्यावर हात ठेवून वर बघितलं की मूळ भिंत केवढी जाड होती ते लक्षात येतं. पावसाळी दिवस असेल तर गवतात बूट भिजतात, त्या हिशेबाने पायात घाला.

तिथून व्हाइट हार्ट स्ट्रीटवरच्या एन्शंट हाउसला या. एका दिवसात एकच जागा नीट बघायची असेल तर ही बघा, दीड तास ठेवा. १४९० च्या सुमाराचं हे एका व्यापाऱ्याचं लाकडी सांगाड्याचं घर. वरचा मजला खालच्यापेक्षा पुढे आलेला, आत कोरलेल्या ओकच्या तुळया. लोक भिंतींवरच्या पाट्या वाचत बसतात आणि छताकडे बघायचं विसरतात. घराची श्रीमंती त्या तुळयांत आहे.

दलीपसिंगांशी गावाचा खरा धागाही इथेच सापडतो. त्यांचा मधला मुलगा फ्रेडरिक इंग्लंडातच जन्मला आणि वाढला. त्याला जुन्या इमारतींचं, जुन्या चित्रांचं वेड होतं. नॉरफकमधल्या जुन्या घरांतली व्यक्तिचित्रं शोधून त्यांची नोंद करणं हा त्याचा आयुष्यभराचा उद्योग. हे घर त्याने घेतलं आणि १९२१ मध्ये गावाला भेट दिलं. १९२४ मध्ये तिथे संग्रहालय सुरू झालं. ज्याच्या बापाचं राज्य, खजिना आणि हिरा ब्रिटिशांनी घेतला, त्याने एका इंग्रज गावाला त्याचं स्वतःचं पाचशे वर्षांपूर्वीचं घर राखून दिलं. संग्रहालयात या कुटुंबाविषयी बरंच काही मांडलेलं आहे. स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढलेली सोफिया ही फ्रेडरिकची धाकटी बहीण. प्रवेशाला तिकीट आहे आणि वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी बघून घ्या.

रस्ता उतरून खाली आलात की सेंट पीटर्स चर्च लागतं आणि समोर किंग्ज हाउस. त्यापुढे एक सोनेरी पुतळा आहे. आपली माणसं त्याच्यासोबत एक फोटो काढून दलीपसिंगांच्या शोधात पुढे सटकतात. माझं मत विचाराल तर मराठी माणसाने या गावात सगळ्यात जास्त वेळ इथे थांबावं. हा थॉमस पेन. १७३७ साली याच गावात जन्मला. बाप बायकांच्या कंचुक्या शिवणारा कारागीर. गावच्याच ग्रामर स्कूलमध्ये शिकला, मग बापाच्या धंद्यात उमेदवारी केली, आणि पुढे अमेरिका आणि फ्रान्स या दोन्ही देशांच्या क्रांत्यांत त्याची लेखणी चालली. पुतळ्याच्या एका हातात लेखणी आणि दुसऱ्यात ‘राइट्स ऑफ मॅन’ हे पुस्तक आहे. १८४७ च्या सुमारास पुण्यात विशीतल्या जोतीराव फुल्यांनी वाचलं ते हेच पुस्तक. माणूस जन्मतः समान हक्क घेऊन येतो, ते हक्क कुणी राजा किंवा पुरोहित देत नसतो, हा त्यातला गाभा. पुढच्याच वर्षी पुण्यात मुलींची शाळा निघाली. एका पुस्तकामुळे निघाली असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण फुल्यांच्या विचारांत पेन पुन्हा पुन्हा दिसतो एवढं नक्की.

पुतळा नीट बघा. पुस्तक उलटं धरलेलं आहे. चार्ल्स व्हीलर या शिल्पकाराने तो १९६४ मध्ये केला. लोकांनी थांबून विचारावं म्हणूनच पुस्तक उलटं ठेवलं, असं गावात सांगतात. पैसे अमेरिकेतल्या पेनप्रेमींचे होते, आणि राजाविरुद्ध लिहिणाऱ्या माणसाचा पुतळा हवाच कशाला, म्हणून तेव्हा गावात वादही झाला. चौथऱ्यावर त्याची ओळख आहे ती अशी : जन्माने इंग्रज, फर्मानाने फ्रेंच नागरिक, स्वीकाराने अमेरिकन. पेनचं जन्मघर शोधत फिरू नका, ते आता उभं नाही. त्याच्या नावाचं हॉटेल आहे, तेच जन्मघर असं काही जण सांगतात, तिकडे दुर्लक्ष करा.

आता दलीपसिंग. किंग स्ट्रीटवरून चार-पाच मिनिटांत बटन आयलंड येतं. नदीच्या दोन फाट्यांमधला हिरवा तुकडा, छोट्या पुलावरून जायचं. घोड्यावर बसलेल्या महाराजांचा हा ब्राँझचा पुतळा डेनिस डटन या शिल्पकर्तीचा. १९९९ मध्ये तेव्हाचे युवराज चार्ल्स यांच्या हस्ते तो उघडला गेला. मजकूर इंग्रजी आणि पंजाबी दोन्ही भाषांत आहे, तोही वाचा. तिथे शीख कुटुंबं आलेली असतात. त्यांच्यासाठी ही यात्रेची जागा आहे, तेव्हा फोटो काढताना मुलांना चौथऱ्यावर चढवू नका.

जेवण बाजारपेठेच्या आसपास उरकून घ्या. गावात पोर्तुगीज बोलणाऱ्यांची मोठी वस्ती आहे, त्यांच्या कॅफेत कॉफी चांगली मिळते. गिल्डहॉलमागे ‘डॅड्स आर्मी’ या बीबीसीच्या जुन्या विनोदी मालिकेचं छोटं संग्रहालय आहे, कारण तिचं बाहेरचं चित्रीकरण इथे व्हायचं. नदीकाठी बाकावर बसलेला लष्करी वेशातला पुतळा त्यातल्याच कॅप्टनचा. मालिका पाहिली नसेल तर सोडून द्या. त्यापेक्षा वाफेच्या इंजिनांची आवड असेल तर चार्ल्स बरेल संग्रहालय उघडं आहे का ते बघा. रस्त्यावरून चालणारी अवजड वाफेची इंजिनं हा कारखाना जगभर पाठवायचा, तो १९२८ मध्ये बंद पडला.

मग कॅसल हिल. किल्ला म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तट, बुरूज, महादरवाजा येतो. इथे त्यातलं काही नाही. वीस मीटरच्या वर उंच, माणसांनी रचलेली टेकडी आहे, आणि तिच्या बाजूला लोहयुगातले दुहेरी खंदक. नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यावर लगोलग हा डोंगर उभा केला. त्यांनी जुन्या गढीचे खंदक आयते वापरले आणि उपसलेला पांढरा चुनखडक वर चढवत नेला. माथ्यावर लाकडी मनोरा असावा, दगडाचा मनोरा झालाच नाही. इंग्लंडात अशा टेकड्या बऱ्याच आहेत, पण इतक्या उंच मोजक्याच. पायऱ्या आहेत, मात्र उभ्या. पाऊस झाला असेल तर उतरताना कठडा सोडू नका. गुडघे दुखणाऱ्यांनी खालून खंदकाच्या कडेने फेरी मारावी. टेकडीची उंची खालूनच जास्त कळते.

एल्व्हेडनला जायचं तर टॅक्सी आदल्या दिवशी ठरवा, आणि परतीचीही तिलाच सांगा. स्टेशनबाहेर टॅक्सी उभी असेलच असं नाही. चालत जायचा विचार करू नका, तो मोटारींचा रस्ता आहे. तिथे बघायचं ते चर्चच्या आवारात. तिथे तीन साध्या कबरी आहेत, दलीपसिंग, त्यांची पहिली पत्नी बांबा आणि मुलगा एडवर्ड. अकराव्या वर्षी राज्य गेलेला हा माणूस १८५३ मध्ये ख्रिस्ती झाला, १८५४ मध्ये विलायतेत आला. १८६३ मध्ये इथली सतरा हजार एकरांची इस्टेट घेऊन त्याने महालात लाहोरी थाटाचे दिवाणखाने करून घेतले. १८८६ मध्ये हिंदुस्थानात परतायला निघाला तर एडनलाच अडवला गेला. तिथे तो पुन्हा शीख झाला. १८९३ मध्ये पॅरिसला वारला, आणि तरीही दफन ख्रिस्ती पद्धतीने इथे झालं. लगेच इस्टेट विकली गेली आणि गिनेस बिअरवाल्या घराण्याकडे आली. महामार्गाजवळ दिसणारा उंच स्तंभ महायुद्धातल्या सैनिकांचा आहे, दलीपसिंगांचा नव्हे. चर्च वापरातलं आहे, प्रार्थना चालू असेल तर बाहेर थांबा.

आणखी दोन जागांबद्दल विचारतात. रोमनांविरुद्ध लढलेल्या बोडिसिया राणीच्या इसेनी टोळीचं मोठं केंद्र गावाच्या उत्तरेला गॅलोज हिलवर सापडलं, आणि तिथेच १९७९ मध्ये रोमन काळातल्या सोन्याच्या अंगठ्या आणि चांदीचे चमचे निघाले. तिथे आज औद्योगिक वसाहत आहे, बघायला काही नाही. ऐवज लंडनला ब्रिटिश म्यूझियममध्ये आहे, तिथेच बघा. दुसरी जागा ग्राइम्स ग्रेव्ह्ज, चार-साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या फ्लिंटच्या खाणी. चारशेहून जास्त विहिरी, त्यातल्या एकीत नऊ मीटर खाली उतरता येतं. अप्रतिम जागा आहे, पण मोटार हवी, थंडीत बंद असते, आणि अर्धा दिवस खाते. ती याच दिवसात कोंबू नका.

नोव्हेंबर ते जानेवारीत येणार असाल तर क्रम उलटा करा. चार-साडेचारच्या सुमारासच अंधारून येतं, म्हणून सकाळी स्टेशनवरून थेट एल्व्हेडन, मग टेकडी, मग प्रायरी, आणि छताखालचं एन्शंट हाउस शेवटी. फक्त ते बंद होण्याच्या वेळेआधी दीड तास तरी पोचा.