कोपऱ्याचे चार खड्डे

कॅनडातल्या सस्कॅचेवन प्रांताच्या चारही हद्दी माणसाने आखलेल्या आहेत. दक्षिणेला ४९ अक्षांश, उत्तरेला ६० अक्षांश, पश्चिमेला ११० रेखांश. नदी नाही, डोंगर नाही. पूर्वेची हद्द मोजणीच्या रेषा धरून वर चढते, त्यामुळे दक्षिण भागात ती पायऱ्यापायऱ्यांनी सरकत जाते. आकाराने हा प्रांत महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठा, आणि २०२१च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या भरली ११ लाख ३२ हजार. मी इथे सर्व्हे टेक्निशियन आहे. त्याआधी नगर जिल्ह्यात एका खासगी मोजणीवाल्याकडे काम करायचो, त्यामुळे बांधाचे तंटे, हद्दीचे दगड, फाळणीचे नकाशे हे सगळं अंगवळणी पडलेलं आहे.

इथली जमीन चौकटींत विभागलेली आहे. ही मोजणी १८७१मध्ये विनिपेगजवळ सुरू झाली. सहा मैल बाय सहा मैलांची एक टाउनशिप, तिच्यात एकेक मैलाचे छत्तीस सेक्शन, आणि प्रत्येक सेक्शनचे १६० एकरांचे चार क्वार्टर. सेक्शनचे नंबर आग्नेय कोपऱ्यातून सुरू होतात आणि शेतात नांगर उलटसुलट फिरावा तसे पश्चिमेकडे जाऊन परत पूर्वेकडे येतात. १८७२च्या कायद्याने दहा डॉलर फी भरणाऱ्याला एक क्वार्टर मिळायचा. अट एवढीच की तिथे घर बांधून राहायचं आणि काही जमीन लागवडीखाली आणायची. अकरा आणि एकोणतीस नंबरचे सेक्शन शाळांच्या खर्चासाठी राखलेले, आठ नंबरचा आणि सव्वीसचा बराचसा भाग हडसन्स बे या जुन्या व्यापारी कंपनीचा. युरोपातून आलेल्या माणसाला पत्ता म्हणून मिळायचे ते हेच आकडे.

पृथ्वी गोल असल्याने उत्तरेकडे जाताना रेखांश जवळ येतात आणि चौकटी अरुंद होत जातात. म्हणून ठरावीक अंतरावर करेक्शन लाइन आखून चौकटी पुन्हा मापात आणल्या आहेत. सरळसोट चाललेला मातीचा रस्ता मधेच काटकोनात वळून, थोडं अंतर जाऊन पुन्हा उत्तरेला लागला, की समजायचं करेक्शन लाइन ओलांडली. इथल्या ट्रकवाल्यांनाही ही वळणं तोंडपाठ असतात.

मोजणीचं माप होतं साखळी. ६६ फूट, शंभर कड्या. मुंबई इलाख्याच्या जुन्या मोजणीतली आपली साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे. ३३ बाय ३३ म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. इथल्या एका चौरस साखळीत बरोब्बर चार गुंठे बसतात. जुनं फील्ड बुक, म्हणजे मोजणीदाराची नोंदवही, उघडलं की माझं डोकं आपोआप गुंठ्यांत हिशेब करायला लागतं. या कामात मला परकं वाटलं नाही, त्याला ही साखळी बरीचशी कारणीभूत आहे.

ज्या कामाबद्दल सांगतोय ते याच प्रांतातल्या बटोश आणि हंबोल्ट या गावांच्या दरम्यान होतं. ऑक्टोबर महिना, कॅनोला हे तेलबियांचं पीक निघून गेलेलं, शेतात नुसती धसकटं. स्लूच्या काठावर, म्हणजे इथल्या उथळ तळ्यांच्या काठावर, बर्फाची पातळ साय धरली होती आणि वरून स्नो गीजचे थवे दक्षिणेला चालले होते. सत्तरीच्या एका बाईंना त्यांच्या क्वार्टरमधला काही भाग शेजाऱ्याला विकायचा होता. घर आणि त्याच्या मागचा माळ त्या स्वतःकडे ठेवणार होत्या. जमीन गोठण्याआधी हद्द कायम करायची आणि नकाशा नोंदणीला द्यायचा, एवढंच आमचं काम. पण त्यासाठी आधी सेक्शनचा कोपरा सापडायला हवा होता.

कोपरा म्हणजे जमिनीत ठोकलेली खूण. जुन्या मोजणीदारांनी मोकळ्या माळावर खुंटा रोवून भोवती मातीचा ढिगारा केला आणि चार बाजूंना चार खड्डे खणले. साधारण तीन फूट चौरस, दीड फूट खोल. खुंटा चोरीला गेला, कुजला, गुरांनी पाडला, तरी खड्ड्यांवरून जागा कळावी हा उद्देश. आणि कायदा असा की नकाशातलं माप आणि जमिनीवरची मूळ खूण यांत फरक निघाला, तर खूण खरी धरायची. मूळ मोजणीदाराची साखळी चार हात कमी भरली असेल, तो ओंडक्यांवरून, चिखलातून ओढत आला असेल. तरी त्याने जिथे खुंटा रोवला तिथेच कोपरा. लोकांनी त्या खुणेवर विश्वास ठेवून घरं बांधली, कुंपणं घातली. मला हा नियम फार न्याय्य वाटतो.

जीएनएसएस रोव्हरने, म्हणजे उपग्रहांवरून जागा मोजणाऱ्या यंत्राने, आम्ही शेजारच्या सापडलेल्या कोपऱ्यांवरून हिशेबाने जागा काढली. तिथे जमिनीतलं लोखंड शोधणारा मॅग्नेटिक लोकेटर फिरवला, तो किंचाळला, आणि खणल्यावर निघालं काय तर काटेरी तारेचं भेंडोळं आणि वखराचा गंजलेला दात. आजूबाजूला सगळीकडे नांगरट झालेली. ढिगारा तर कधीच सपाट झाला होता. आमच्या पार्टी चीफने, म्हणजे तुकडीच्या प्रमुखाने, जो या भागात तीसेक वर्षं मोजणी करतोय, जुन्या फील्ड नोट्सची प्रत ट्रकच्या बॉनेटवर पसरली.

त्या काळच्या मोजणीदाराला रेषा चालताना वाटेत जे लागेल ते लिहून ठेवावं लागायचं: तळं, पॉप्लरची झाडी, माती कशी आहे, वाट कुठे ओलांडली. या रेषेच्या नोंदीत होतं की कोपऱ्यापासून साडेअकरा साखळ्यांवर एक गाडीवाट ओलांडली. म्हणजे साधारण २३१ मीटर. चीफने बाईंना विचारलं, इथे जुनी वाट कुठे होती का? बाई काही न बोलता आम्हाला माळाकडे घेऊन गेल्या.

तो तुकडा कधीच नांगरला गेला नव्हता. उभं राहून पाहिलं तर गवताशिवाय काही दिसत नव्हतं. ऊन तिरपं होतं, बाईंनी खाली वाकून बघायला सांगितलं. वाकल्यावर दिसल्या: एकमेकींना समांतर चाललेल्या उथळ चाकोऱ्या, काही पावलाएवढ्या खोल, चौकटीच्या रेषांना तिरक्या छेदत वायव्येकडे निघालेल्या. त्या खळग्यांत गवत जरा वेगळ्या रंगाचं, अजून थोडं हिरवं होतं.

ती कार्लटन ट्रेल होती. रेड रिव्हर नदीकाठच्या फोर्ट गॅरीपासून (आजचं विनिपेग) फोर्ट कार्लटन आणि पुढे एडमंटनपर्यंत जाणारी वाट. रेल्वे येण्याआधी या मुलखाची वाहतूक तिच्यावरून चालायची, रेड रिव्हर कार्टमधून. ती दोन उंच चाकांची गाडी अख्खी लाकडाची, तिच्यात लोखंडाचा खिळाही नसे. आसाला वंगण घालत नसत, कारण धुळीने ते चिकट होऊन चाक अडायचं. त्यामुळे गाड्यांचा कर्कश आवाज कोसांवरून ऐकू यायचा. गाड्या हाकणारे बहुतेक मेटिस. फ्रेंच किंवा स्कॉटिश व्यापारी आणि क्री, ओजिब्वे स्त्रिया यांच्या वंशातून उभा राहिलेला हा समाज. साउथ सस्कॅचेवन नदीवर जिथे ही वाट उतरायची, तिथे १८७२मध्ये झाव्हिए लतांद्र याने तराफा सुरू केला. त्याला लोक बटोश म्हणत, आणि गावाला तेच नाव पडलं.

चाकोऱ्यांचा मध्य धरून आम्ही रेषेवरून मागे मोजत आलो. वाट काही एका दोरीत नसते, गाड्या शेजारीशेजारी चालायच्या, त्यामुळे माप अंदाजाचंच. पण ते आमच्या हिशेबाच्या जागेपासून चार मीटर बाजूला पडलं आणि कुठे खणायचं ते कळलं.

खणायचं म्हणजे फावड्याने उकरायचं नाही. फावडं आडवं धरून पापुद्रा काढावा तशी माती तासायची. इथे वरचा थर काळ्या मातीचा, वीत-दीड वीत, आणि खाली हिमनद्यांनी आणून टाकलेली फिकट पिवळी चिकणमाती. काळा थर तासून काढला. पिवळी माती लागली. तासता तासता माझ्या फावड्याखाली पिवळ्यात एक काळी कड आली. सरळ. मग तिला काटकोनात दुसरी. गुडघ्यांवर बसून करणीने पुढची माती काढली, तर पिवळ्या जमिनीत काळ्या मातीने भरलेला स्वच्छ चौकोन. मग चीफने उलट बाजूचा चौकोन शोधला, आणि अर्ध्या तासात चारही. मधोमध मुठीएवढा गोल करडा डाग होता, हात लावला की भुसा व्हावा असा. खुंट्याचं लाकूड कुजून उरलेलं.

नगरला असताना मी हद्दीचे दगड पाहिले होते, पण माणसाने खणलेला खड्डा शंभराहून अधिक वर्षांनी नुसत्या मातीच्या रंगावरून उमटताना पहिल्यांदाच पाहिला. थंडीने बोटं वाकत नव्हती, तरी आम्ही फोटो काढत, मापं घेत राहिलो.

बाई खड्ड्यांशेजारी बराच वेळ उभ्या होत्या. मग त्यांनी सांगितलं की आईकडून त्या मेटिस. आईचे आजोबा बटोशला नदीकाठी राहायचे. तिथली शेतं चौकोनी नव्हती. प्रत्येकाला नदीवर थोडा काठ आणि तिथून मागे लांबच लांब पट्टी: नदीचं पाणी, मग घर, मग शेत, शेवटी झाडी आणि गवताचं रान. शेजार जवळ, आणि पाणी सगळ्यांना. सरकारची मोजणी आली ती चौकटी घेऊन, आणि चौकटीत अशा पट्ट्या बसेनात.

हा झगडा त्याआधी रेड रिव्हरला झाला होता. ऑक्टोबर १८६९मध्ये मेटिसांचा नेता लुई रिएल आणि त्याचे साथीदार मोजणीच्या तुकडीला आडवे गेले. त्यांनी साखळीवर पाय दिला असं सांगतात. त्या उठावातून १८७० साली मॅनिटोबा प्रांत झाला. पण पुष्कळ मेटिस तिथून उठून पश्चिमेला इकडे आले आणि इकडेही मोजणी त्यांच्या मागोमाग आली. जमिनीच्या हक्कासाठी अर्जांवर अर्ज गेले. उत्तरं लांबत गेली. १८८४मध्ये इथला मेटिस पुढारी गॅब्रिएल ड्युमाँ घोड्यावरून अमेरिकेतल्या मोंटानाला जाऊन रिएलला घेऊन आला. पुढच्या वर्षी ९ ते १२ मे १८८५ बटोशला सरकारी फौजेशी लढाई झाली, मेटिस हरले, आणि १६ नोव्हेंबरला रिजायनात रिएलला फाशी दिलं. जमिनीच्या बदल्यात मेटिस कुटुंबांना स्क्रिप नावाचे, जमीन किंवा रोख मिळण्याचा हक्क देणारे कागद मिळाले. त्यातले कितीतरी दलालांनी कवडीमोलाने घेतले. बाईंच्या घराण्याची पट्टी त्याच वर्षांत गेली. हा क्वार्टर त्यांच्या वडिलांनी खूप नंतर विकत घेतला, आणि माळावरची वाट नांगरायची नाही हे त्यांच्या आईने बजावून ठेवलं होतं.

ती वाट आईने राखली म्हणून आम्हाला सरकारी कोपरा सापडला. कोपऱ्याच्या खुणेला कायद्याचं संरक्षण आहे, ती उखडणं गुन्हा आहे. चाकोऱ्यांना आमच्या रेषांच्या नकाशात जागाच नाही. हे मला सहन होत नव्हतं. दोन्ही खुणा एकाच मातीत, एकाच काळातल्या; वाट तर आधीची. मी चीफला म्हटलं, निदान आपल्या नोंदीत तरी घेऊ. त्याला सांगावं लागलं नाही. नोट्स बघितल्या तेव्हाच त्याने ठरवलं होतं. आम्ही रोव्हर घेऊन चाकोऱ्या माळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो, दर काही मीटरवर बिंदू घेतले, आणि मूळ मोजणीदाराने लिहिली होती तशी ती वाट फील्ड नोट्समध्ये पुन्हा लिहिली.

खड्ड्यांच्या मधोमध, त्या करड्या डागावर नवी लोखंडी खूण ठोकली. मग हद्द आखायला घेतली, तर चार मीटरच्या फरकाने सगळं गणित हललं होतं. विक्रीच्या तुकड्याची ठरलेली रेषा आता चाकोऱ्यांचं एक टोक कापून शेजाऱ्याकडे टाकत होती. शेजारी ट्रॅक्टर घेऊन तिथेच आला होता. बाईंनी त्याला माळावर नेलं, वाकायला लावलं, दाखवलं. त्यानेच विचारलं, रेषा किती सरकवली की ही अख्खी तुमच्याकडे राहील? चीफ म्हणाला, तीस मीटर. त्यासाठी मंजुरी पुन्हा घ्यावी लागणार होती, किंमतही नव्याने ठरणार होती. दोघांना चाललं. जमीन गोठली, बर्फ पडला, कागद हिवाळाभर फिरत राहिले. वितळल्यावर जाऊन आम्ही नव्या रेषेवर खुंट्या ठोकल्या, वाटेपासून बऱ्याच अलीकडे.