तांडा चालता ठेवताना

जगबुडीनंतरच्या जगात घडणारे टेबलटॉप रोलप्लेइंग गेम, म्हणजे टेबलाभोवती बसून, एकेक पात्र साकारत एकत्र गोष्ट रचायचे खेळ, बऱ्याचदा एखाद्या वस्तीभोवती रचलेले असतात. २०१४ सालच्या ‘म्युटंट: इयर झीरो’मध्ये तर अन्नपुरवठा, संस्कृती, तंत्रज्ञान आणि युद्धसज्जता यांत भर घालत खेळाडू आपली वस्ती हळूहळू उभी करतात. तो खेळ माझ्या फार आवडीचा. पण आमच्या गटाला या वेळी भटका तांडा हवा होता, आणि गेम मास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारी, मी होते.

पात्रं बनवायच्या आधी मी सगळ्यांना एवढंच विचारलं, ‘ही माणसं एका जागी थांबत का नाहीत?’ ‘स्वातंत्र्य आवडतं म्हणून’ हे उत्तर मी चालू दिलं नाही. बराच खल झाल्यावर ठरलं की तांड्याकडे शेळ्यांचा कळप आहे आणि कुठल्याच जागचा चारा वर्षभर पुरत नाही. इथून पुढचं निम्मं काम सोपं झालं. पशुपालक भटके वाट फुटेल तिकडे जात नाहीत. त्यांची उन्हाळी कुरणं, हिवाळी कुरणं, पाणवठे ठरलेले असतात. म्हणून नकाशावर आम्ही एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणारा रस्ता आखलाच नाही, वर्षभराचा फेरा आखला. ज्या गावाशी आज भांडण केलं, त्याच गावच्या विहिरीवर पुढच्या वर्षी परत जायचं होतं.

मग ओझ्याचा हिशेब. माणसामागे दिवसाला चार लिटर पाणी धरलं, तर तीस माणसांना एकशेवीस लिटर, म्हणजे एकशेवीस किलो. पाणवठा पाच दिवसांवर असेल तर सहाशे किलो नुसतं पाणीच, शेळ्यांचं वेगळं. हा आकडा कागदावर आला आणि कोण काय काय उचलून नेणार, याबद्दल सगळे एकदम गंभीरपणे बोलू लागले. एकाला ट्रक हवा होता. साठवलेलं पेट्रोल वर्षानुवर्षं टिकत नाही, तेव्हा इंधन कुठलं? १९८४च्या ‘ट्वायलाइट: २०००’मध्ये पात्रं भट्टी लावून अल्कोहोल गाळतात आणि त्यावर गाड्या चालवतात. आम्ही तीच युक्ती घेतली. पण भट्टी लावायची तर मुक्काम वाढतो, आणि मुक्काम वाढला की चारा संपतो. या ओढाताणीवर आमच्या कितीतरी रात्री रंगल्या.

प्रवासासाठी ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ या आणखी एका खेळाची दोन फाशांची बेरीज करायची पद्धत वापरली. दहा किंवा जास्त पडले तर सगळे सुखरूप. सहा किंवा कमी पडले तर संकट मी ठरवणार. सात ते नऊ पडले तर तांडा पोचतो, पण खेळाडूंनी एक गोष्ट गमवायची: वेळ, जनावर किंवा सामान. माझ्या मते अशा मोहिमेचा जीव या मधल्या निकालात असतो.

असाच आठ पडला आणि लोहाराची ऐरण वाटेत सोडायची वेळ आली. लोहार साकारणारी खेळाडू मुळीच तयार होईना. ‘ऐरण गेली तर मी तांड्यात कोण?’ असं तिचं पात्र म्हणालं. शेवटी म्हाताऱ्या दाईने निवाडा दिला, ‘शेळी मेली तर पोरं उपाशी राहतील. लोखंड कुठे मरत नाही.’ ऐरण झऱ्याजवळ पुरली.

फेरा पूर्ण करून आम्ही तिथे परतलो तेव्हा झऱ्याकाठी दुसऱ्याच लोकांनी घरं बांधली होती आणि त्यांचा लोहार त्याच ऐरणीवर घाव घालत होता. ती हिसकावून घ्यावी, असं दोघांचं मत होतं. लोहार मात्र पुढे झाली आणि तिने करार केला: ऐरण इथेच राहील, दर वर्षी तांड्याची अवजारं इथे फुकट दुरुस्त होतील आणि तिचा एक शिकाऊ हिवाळाभर इथे राहील. हा शिकाऊ नंतर एका खेळाडूने आपलं दुसरं पात्र म्हणून घेतला. आता आमचा अर्धा खेळ त्या झऱ्यावर चालतो, आणि तांड्याने तिथे थांबावं की पुढे निघावं यावर दर फेऱ्यात नव्याने मत घ्यावं लागतं.