तुम्ही विचारलंत म्हणून: बिलीचं चांदणं

जॅझचा विषय निघाला की हमखास विचारतात, "सगळ्यात आवडतं गाणं कुठलं?" उत्तर दिलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "नव्वद वर्षांपूर्वीच्या त्या खरखरीत असं आहे तरी काय?"

गाणं अमेरिकन जॅझ गायिका बिली हॉलिडेचं. 'व्हॉट अ लिटल मूनलाइट कॅन डू', न्यूयॉर्क, २ जुलै १९३५. तेव्हा ती वीस वर्षांची. रेकॉर्ड निघाली ती पियानोवादक टेडी विल्सनच्या ऑर्केस्ट्राच्या नावानं. ऑर्केस्ट्रा म्हणायचा, वादक सातच. पण काय सात! क्लॅरिनेटवर बेनी गुडमन, ट्रंपेटवर रॉय एल्ड्रिज, सॅक्सोफोनवर बेन वेबस्टर. गोरा गुडमन आणि बाकीचे काळे वादक त्या काळात स्टेजवर असे एकत्र सहसा दिसत नसत. स्टुडिओत मात्र जमून गेलं.

गाणं तसं फुटकळच आहे. चांदण्यात प्रेमिकाची बोबडी वळते, 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' एवढंही तोंडातून फुटत नाही. संपला अर्थ. पण गुडमन सुरुवातीलाच असा सुटतो, आणि मागून कोझी कोलचे ड्रम असे रेटतात, की वाटावं आता गाणारीची धांदल उडणार. बिली येते ती अगदी आरामात. 'ऊ ऊ ऊ' करत, लोडाला टेकून गप्पा माराव्यात तशी. ठेका पुढे पळतोय, आणि ही शब्द जरासा मागे रेंगाळत ठेवते, ओळ संपता संपता बरोबर येऊन मिळते. शब्द सांगतायत की जीभ अडखळते, आणि हिची जीभ लोण्यासारखी चालते! ही थट्टा तिला पुरती कळलेली आहे. आवाजात हसू ऐकू येतं. मला तरी दरवेळी येतं.

तिचा आवाज काही तीन सप्तकं फिरणारा नव्हता. पल्ला जेमतेम सप्तकभराचा, म्हणून सगळा कारभार लयीवर. आपल्याकडे लयीशी खेळणाऱ्या गायकाला कशी दाद जाते, तीच इथे तोंडातून निघते. जॅझचा ट्रंपेटवादक आणि गायक लुई आर्मस्ट्राँग, त्याच्या रेकॉर्ड ऐकून ऐकून ती हे शिकली होती.

बिली म्हटलं की लोक आधी तिच्या हालअपेष्टा काढतात: व्यसन, तुरुंग, १९५९ साली चव्वेचाळिसाव्या वर्षी आलेला मृत्यू. सगळं खरं आहे. पण पुढचं दुःख या तीन मिनिटांत शोधत बसणं मला पटत नाही. इथे ती निव्वळ मजेत आहे, आणि एवढी मजा इतक्या सफाईनं गाणं रडण्याहून अवघड असावं.

ऐकायचं ठरवलंत तर साल बघून घ्या, कारण १९५०च्या दशकात तिनं हेच गाणं पुन्हा रेकॉर्ड केलं. तेही चांगलं आहे, पण आधी १९३५चं. आणि पहिल्यांदा शब्दांच्या मागे लागू नका. बोटानं ठेका धरा आणि ती कुठे कुठे मागे राहते तेवढं बघा.