मोटारीशिवाय अझे-ल-रिदो: माझा अनुभव

फ्रान्समधल्या लोआर नदीच्या खोऱ्यातले राजवाडे पाहायचे तर मोटार हवीच, असे मला तूर शहरात अनेकांनी सांगितले होते. माझ्याकडे मोटार नव्हती. म्हणून मी अझे-ल-रिदो या गावातला राजवाडा निवडला, कारण तूरहून शिनोंला जाणारी रेल्वे तिथे थांबते आणि अर्ध्या तासाच्या आसपास पोहोचवते. मात्र या मार्गावर गाड्या मोजक्याच असतात आणि रविवारचे वेळापत्रक वेगळे असते. मी ते न पाहिल्यामुळे माझा पहिला रविवार स्थानकावरूनच परत फिरण्यात गेला. पुढच्या खेपेला आधी परतीची गाडी ठरवली, मग जाण्याची.

स्थानक गावाबाहेर आहे. तिथून राजवाड्यापर्यंत जेमतेम अर्धा तास चालावे लागते. गावाचे नाव मोठे असले तरी वस्ती साडेतीन हजारांच्या आतबाहेरच आहे. एके काळी लोक त्याला ‘जळालेले अझे’ म्हणत, कारण १४१८ मध्ये, पुढे फ्रान्सचा राजा झालेल्या सातव्या चार्ल्सने युवराज असताना इथली, शत्रुपक्षातल्या बर्गंडीच्या सरदाराची शिबंदी कापून काढली आणि गाव पेटवून दिले.

राजवाडा अँद्र नदीतल्या बेटावर उभा आहे. पहिल्या फ्रान्स्वा राजाच्या खजिन्याचा कारभारी जिल बेर्तलो याने १५१८ मध्ये बांधकाम सुरू केले. पण त्याला कामासाठी सतत दूर राहावे लागत असल्याने प्रत्यक्ष देखरेख त्याची पत्नी फिलिप लेस्बाई हिने केली. तुफो नावाच्या पांढऱ्या, मऊ दगडात दोघांच्या नावांची आद्याक्षरे कोरलेली आहेत आणि त्यांच्याजवळच राजाचे चिन्ह असलेला सॅलमँडर हा पालीसारखा प्राणीही आहे. १५२७ मध्ये बेर्तलोच्या नात्यातल्या एका बड्या अर्थाधिकाऱ्याला फाशी झाली, तेव्हा बेर्तलो देश सोडून पळाला. राजाने वाडा जप्त करून आपल्या सेवेतल्या आंत्वान राफँ याला दिला. चौकाच्या दोनच बाजू बांधून झाल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. ज्या राजाच्या सन्मानार्थ सॅलमँडर कोरला, त्यानेच घर काढून घेतले, हे त्या भिंतीसमोर उभे राहून वाचताना मला फिलिपबद्दल फार वाईट वाटले.

आत सर्वांत जास्त वेळ मी जिन्यात घालवला. त्या काळच्या फ्रेंच वाड्यांत चक्री जिन्यांची रीत होती. याच खोऱ्यातल्या ब्लुआ राजवाड्याचा प्रसिद्ध जिनाही तसाच आहे. इथला जिना मात्र सरळ टप्प्यांचा आहे, आणि प्रत्येक टप्प्याला उजेड व बाहेरचे दृश्य मिळते. राफँच्या काळातली म्हणून सजवलेली शयनकक्षाची खोलीही विसरता येत नाही: तिच्या भिंतींवर लव्हाळ्याच्या विणलेल्या चटया आहेत. आपण चटई जमिनीवर अंथरतो; इथे ती भिंतीला ऊब देते. वरच्या माळ्यावर छपराचा ओकचा सांगाडा उघडा दिसतो, आणि तो पाहिल्याशिवाय खाली उतरू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

१९०५ मध्ये फ्रेंच शासनाने हा वाडा विकत घेतला. २०१४ ते २०१७ या काळात इमारतीची आणि बागेची मोठी दुरुस्ती झाली.

परतीच्या गाडीला दीड तास असताना मी बाहेर पडलो आणि दक्षिणेकडच्या पाण्याच्या काठावर बसलो. वारा पडला होता. स्लेटचे निळसर छप्पर आणि कोपऱ्यांतले बुरूज पाण्यात उलटे, जवळजवळ अखंड दिसत होते. एका बदकाने ते मोडले, आणि पुन्हा जुळेपर्यंत मी तिथून उठलो नाही.