नकाशा गाडीत असावा की फोनमध्ये?

आमची गाडी २०१३ची हॅचबॅक आहे. कंपनीने बसवलेला तिचा रेडिओ आजही खणखणीत वाजतो, त्यामुळे तो काढून दुसरे काही बसवावे असा विचार गेल्या उन्हाळ्यापर्यंत आमच्या घरात कोणी केला नव्हता. पुण्याहून गुहागरला वर्षातून चार-पाच वेळा जाणे होते. ताम्हिणी उतरून निजामपूर, माणगाव, मग महाड, पोलादपूर, कशेडीचा बोगदा, खेड आणि चिपळूण हा आमचा नेहमीचा मार्ग. मार्ग पाठ असला तरी महामार्गाचे काम इतकी वर्षे चालले आहे की डायव्हर्जन प्रत्येक फेरीला नव्या ठिकाणी भेटते. म्हणून काचेला चिकटवलेल्या होल्डरमध्ये फोन अडकवायचा आणि नकाशा सुरू ठेवायचा, ही सवय लागून गेली होती.

गेल्या मे महिन्यात ही सोय अंगाशी आली. गाडी बाबा चालवत होते. समोरच्या काचेतून थेट ऊन लागल्याने फोन इतका तापला की त्याने आधी चार्जिंग बंद केले आणि मग पडदा मंद करून टाकला. घाटात नेटवर्क नव्हतेच. निजामपूरला आम्ही चुकून पाचाडकडे जाणाऱ्या रस्त्याला लागलो. फोनला आपण मार्ग सोडला आहे हे कळत होते, परंतु नवा मार्ग मागवण्यासाठी लागणारे इंटरनेट नसल्यामुळे तो नुसताच शोधत राहिला आणि आम्ही भर दुपारी दहा-बारा किलोमीटर उलट दिशेने जाऊन परत आलो. परतल्यावर बाबांनी ठरवून टाकले की गाडीला ‘जीपीएस’ बसवायचा.

नाना पेठेतल्या पहिल्याच दुकानात या शब्दाने घोटाळा केला. मी जीपीएस मागितल्यावर दुकानदाराने काडेपेटीएवढी एक काळी डबी समोर ठेवली आणि म्हणाला, ‘‘सर, गाडी कुठे आहे ते घरबसल्या मोबाइलवर दिसेल.’’ तो ट्रॅकर होता. आपल्याकडे दुकानात जीपीएस म्हटले की बहुधा हाच अर्थ घेतला जातो. तेव्हा रस्ता दाखवणारे यंत्र हवे असेल, तर नेव्हिगेशन असलेला स्टिरिओ हवा असे स्पष्ट सांगावे.

पंधरा वर्षांपूर्वी हा प्रश्न सोपा होता. काचेला लावायचे पाच इंचांचे स्वतंत्र यंत्र मिळे, गार्मिनचे किंवा मॅपमायइंडियाचे. नकाशे त्याच्या पोटातच साठवलेले असल्याने त्याला नेटवर्कची गरज पडत नसे. माझ्या मामांकडे असे एक यंत्र होते आणि ते सुरू केल्यावर उपग्रह सापडेपर्यंत आम्ही सोसायटीच्या फाटकातच थांबून राहत असू. त्या विलंबाचे कारण मला पुष्कळ उशिरा समजले. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात, आणि आपली जागा ठरवण्यासाठी यंत्राला एका वेळी किमान चार उपग्रहांचे संदेश मिळावे लागतात. प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेचा नेमका तपशील दर तीस सेकंदांनी पुन्हा प्रसारित करतो. सगळ्या उपग्रहांची ढोबळ सूची मात्र पूर्ण उतरायला साडेबारा मिनिटे लागतात. बरेच दिवस बंद असलेल्या यंत्राला ही माहिती आकाशातूनच, संथपणे मिळवावी लागते. फोन हीच माहिती इंटरनेटवरून क्षणार्धात घेतो, म्हणून तो झटपट जागा दाखवतो. फोनचा जीपीएस नेटवर्कवर चालतो, हा समज त्यातूनच पसरला असावा. प्रत्यक्षात ताम्हिणीत नेटवर्क गेल्यावरही फोनला आपली जागा अचूक कळत असते. त्याच्याकडे नसतो तो नकाशा. निजामपूरला आमची जी फसगत झाली, तिचे मूळ उपग्रहांत नव्हते, तर मी निघण्यापूर्वी नकाशा उतरवून घेतला नव्हता या साध्या आळसात होते. हे लक्षात आल्यावर कोणते यंत्र घ्यावे याबद्दलचे माझे मत बदलत गेले.

बाजारात आज सर्वाधिक खपतो तो ‘अँड्रॉइड स्टिरिओ’: नऊ किंवा दहा इंचांचा पडदा, आत स्वतःची अँड्रॉइड प्रणाली, स्वतःचा जीपीएस अँटेना आणि किंमतही आवाक्यातली. बाबांना तो पाहताक्षणी आवडला, कारण त्याला फोन जोडावा लागत नाही. मला तो आवडला नाही, आणि त्याची कारणे थोडी विस्ताराने सांगतो.

त्यातल्या स्वस्त संचांत एक किंवा दोन जीबी रॅम असते. दुकानात तो पडदा गाणी वाजवतो, व्हिडिओ दाखवतो आणि चपळ वाटतो. पण नकाशा, आवाजी सूचना आणि फोन कॉल असे सगळे एकाच वेळी चालू झाले की तो अडखळू लागतो, आणि उड्डाणपूल आता घ्यायचा की सोडायचा हे कळायला हवे नेमक्या त्याच क्षणी बाण मागे राहतो. सेटिंगमध्ये दिसणारी अँड्रॉइडची आवृत्तीही नेहमी खरी असतेच असे नाही. आत जुनी प्रणाली आणि वर नवा आकडा असा प्रकार या बाजारात सर्रास चालतो. पण माझा मुख्य आक्षेप वेगळाच आहे. स्टिरिओ गाडीत दहा वर्षे राहतो, तर फोन आपण तीन-चार वर्षांत बदलतो. म्हणजे आज घेतलेल्या संचाची संगणकीय ताकद जुनी होत जाणार, त्याच्या प्रणालीला पुढच्या सुधारणा मिळण्याची शाश्वती नाही, आणि काही वर्षांनी नकाशाचे अ‍ॅप त्याच्यावर चालेनासे झाले तर हातात फक्त मोठा पडदा उरणार. मग मुळात पडद्यापुरतेच पैसे का देऊ नयेत?

नकाशा जुना झाल्यावर काय होते, हे समजून घ्यायला पुणेकरांना चांदणी चौकाचे उदाहरण पुरेसे आहे. तिथला जुना पूल ऑक्टोबर २०२२मध्ये पाडला गेला आणि नव्या पुलाचे व रॅम्पच्या जाळ्याचे उद्घाटन ऑगस्ट २०२३मध्ये झाले. जे यंत्र वर्षातून एकदाही अद्ययावत होत नाही, ते या चौकात आजही नसलेल्या रस्त्याने जायला सांगेल. शिवाय एकावर एक रस्ते आले की काही मीटरांची चूकही महाग पडते, कारण आपण वरच्या रॅम्पवर आहोत की खालच्या सेवा रस्त्यावर, हे सपाट नकाशावरच्या बिंदूवरून यंत्राला नीट ठरवता येत नाही. अशा ठिकाणी मॅपल्ससारखी (मॅपमायइंडियाचेच अ‍ॅप) अ‍ॅप्स चौकाचे चित्र काढून कोणती मार्गिका धरायची ते दाखवतात, त्याचा मला खरोखर उपयोग झाला आहे.

शेवटी आम्ही नामांकित कंपनीचा, सात इंच पडद्याचा, अँड्रॉइड ऑटो (अँड्रॉइड फोनसाठी) आणि कारप्ले (आयफोनसाठी) दोन्ही चालणारा संच घेतला. यात नकाशा, मार्गाचे गणित आणि इंटरनेट हे सगळे फोनचे असते; गाडीतला पडदा फक्त ते मोठे आणि थंड जागेत दाखवतो. अँड्रॉइड १०पासून पुढे अँड्रॉइड ऑटो फोनमध्येच अंतर्भूत असल्याने बाबांचा साधा फोनही त्याला जोडता आला, आणि फोन जोडावा लागतो ही त्यांची तक्रार दोन दिवसांत मावळली. बिनतारी जोडणीचा संच मी मुद्दाम टाळला. तारेने जोडलेला फोन प्रवासात चार्ज होत राहतो. बिनतारी जोडणीत तो तापतो आणि बॅटरीही खातो, म्हणजे ज्या दुखण्यावर इलाज करायला निघालो तेच परत आले असते.

सात इंचच का, असे दुकानदाराने तीनदा विचारले. आमच्या गाडीतली जागा दोन डिनची आहे, म्हणजे साधारण १८० मिलिमीटर रुंद आणि १०० मिलिमीटर उंच, आणि सात इंचांचा संच तिच्यात बरोबर बसतो. नऊ इंचांचा पडदा फ्रेम लावून बसवता येतो, पण आमच्या डॅशबोर्डवर तो हॅझर्डचे बटण आणि एसीच्या झडपांचा काही भाग झाकत होता. पडदा दुकानात नव्हे, तर उन्हात उभ्या केलेल्या गाडीत, चालकाच्या आसनावर बसून आणि गॉगल लावून पाहावा. दुकानाच्या दिव्यांखाली सगळेच पडदे तेजस्वी दिसतात.

बसवण्याच्या कामाकडे मात्र पडद्यापेक्षा जास्त लक्ष द्यावे लागते. स्टिरिओच्या तारांत साधारणपणे पिवळी तार बॅटरीचा कायमचा पुरवठा देते, लाल तार किल्ली फिरवल्यावर मिळणारा, आणि काळी अर्थिंगची असते. पिवळी आणि लाल एकत्र जोडून टाकण्याचा आळस काही कारागीर करतात. मग संच कधी पूर्ण बंदच होत नाही आणि गाडी आठवडाभर उभी राहिली की बॅटरी उतरते. मूळ तारा कापू न देता आपल्या गाडीच्या मॉडेलचा कपलर, म्हणजे मूळ तारांच्या सॉकेटमध्ये थेट बसणारा जोड, मागावा. त्याला काही शे रुपये जास्त पडतात, पण उद्या जुना रेडिओ परत लावायचा झाला तर तो पाच मिनिटांत लागतो. ज्यांनी स्वतःचा जीपीएस असलेला संच घेतला असेल, त्यांनी त्याचा छोटा चौकोनी अँटेना कुठे ठेवला जात आहे ते उभे राहून पाहावे. त्याला आकाश दिसले पाहिजे, म्हणून त्याची जागा समोरच्या काचेखाली डॅशबोर्डच्या कडेला. स्टिरिओमागच्या लोखंडी पट्टीवर चिकटवून मोकळे होणे कारागिराला सोपे जाते, आणि मग बाण रस्ता सोडून शेतातून धावतो. आमच्या संचाला अँटेना नाही, जागा फोनच ठरवतो, म्हणून मी फोन ग्लव्ह बॉक्समध्ये न टाकता गिअरपुढच्या उघड्या कप्प्यात ठेवतो.

बोगद्यात उपग्रह दिसत नाहीत, याला कोणताच अँटेना उपाय नाही. स्वतःचे नेव्हिगेशन असलेल्या काही महाग संचांत गाडीच्या वेगाचा संकेत घेणारी एक तार असते. तिच्या आणि आतल्या जायरोच्या, म्हणजे गाडीचे वळणे ओळखणाऱ्या संवेदकाच्या, आधारे तो संच बोगद्यातही बाण पुढे सरकवत राहतो. कशेडीचा बोगदा सुमारे दोन किलोमीटरचा आणि आत फाटे नसलेला, त्यामुळे आमचे तिच्यावाचून अडले नाही. समृद्धी महामार्गावरचा इगतपुरीजवळचा बोगदा जवळपास आठ किलोमीटरचा आहे. त्या वाटेने नेहमी जाणाऱ्यांनी या तारेची चौकशी जरूर करावी, कारण संचात सोय असूनही ती तार बसवताना लोंबकळत सोडून दिलेली मी पाहिली आहे.

कायद्याचाही एक मुद्दा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत १ ऑक्टोबर २०२०पासून झालेल्या दुरुस्तीनुसार गाडी चालवताना हातातले संपर्क साधन केवळ मार्ग पाहण्यासाठी, आणि तेही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने वापरता येते. फोन मांडीवर ठेवून घाट उतरणे या नियमात बसत नाही. दुकानदार गाडी चालू असतानाही व्हिडिओ दिसावा म्हणून हँडब्रेकची तार अर्थला जोडून देण्याची, म्हणजे गाडी उभी आहे असे संचाला भासवण्याची, तयारी आपणहून दाखवतात. मी ती जोडू दिली नाही. रिव्हर्स कॅमेरा मात्र त्याच वेळी बसवून घेतला, कारण डॅशबोर्ड उघडलेलाच होता.

आता निघण्याच्या आदल्या रात्री मी पुणे, रायगड आणि रत्नागिरी या तिन्ही जिल्ह्यांचा नकाशा फोनवर उतरवून ठेवतो. गूगलच्या जोडीला ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या मुक्त नकाशावर चालणारे ऑरगॅनिक मॅप्स हे अ‍ॅप ठेवले आहे. ते नेटवर्कशिवाय मार्ग नव्याने आखते आणि गाडीच्या पडद्यावरही चालते, फक्त वाहतूककोंडी त्याला कळत नाही. गणपतीला जाताना ताम्हिणीत नेटवर्क गेले, तेव्हा बाबांनी निजामपूरला मुद्दाम पाचाडच्या रस्त्याला गाडी घातली. तीन-चार सेकंदांत पडद्यावर परत फिरण्याचा मार्ग आला. बाबांनी गाडी वळवली आणि विचारले, ‘‘याला दुसरी, जरा लांब तार मिळेल का? मागे बसणाऱ्याचाही फोन लागला पाहिजे.’’