तुम्ही विचारलंत म्हणून: ती लेन्स अजून माझ्याकडे का आहे

दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी विचारतंच. कधी रंकाळ्यावर सकाळी फिरताना, कधी लॅबमध्ये रोल द्यायला गेल्यावर, कधी लग्नाच्या पंगतीत. "त्या पन्नास एमएमच्या लेन्सचा फोकस सरकतो हे तुम्हीच सांगता, मग ती विकून का टाकत नाही? नाहीतर दुरुस्त तरी करून घ्या." काही जण एवढंही विचारत नाहीत. फोटो बघतात, डोळे मऊ आलेत म्हणतात आणि मला रेंजफाइंडर, म्हणजे दोन प्रतिमा एकावर एक आणून फोकस करायची कॅमेऱ्यातली सोय, जुळवता येत नाही असं मनाशी ठरवून टाकतात. त्या लोकांचं मला जास्त लागतं.

म्हणून आधी त्यांना सांगतो. फाइंडरच्या मधल्या छोट्या चौकोनातल्या, म्हणजे पॅचमधल्या, दोन प्रतिमा मी बरोबर जुळवतो. बावीस वर्षं जुळवतो आहे. माझे डोळे तपासलेले आहेत, कॅमेऱ्याचा रेंजफाइंडर तपासलेला आहे, याच कॅमेऱ्यावर पस्तीसची लेन्स लावली की पापणीचा केसन् केस मोजता येतो. चूक हाताची नाही.

आता दुरुस्तीचं. शिवाजी उद्यमनगरात माझा एक मित्र लेथ चालवतो. त्याने लेन्स हातात घेतली, कॅमेऱ्यातली चाकी जिच्यावर टेकते ती मागची कड बोटाने चाचपली आणि म्हणाला, "दे हिकडं, सुतभर घासून देतो." बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या हातांनी कॅमेरा घडवला ते हे गाव. इथे यंत्र बिघडलं म्हणून कुणी हात टेकत नाही, आणि मित्राने ते मनापासून म्हटलं होतं. पण घासायचं किती? कड एकच आहे. लेन्स किती पुढे आली, किती मागे गेली, एवढंच ती कॅमेऱ्याला कळवते. ॲपर्चर, म्हणजे उजेड आत सोडणारं लेन्समधलं भोक, कितीवर आहे हे तिला कळायला वाटच नाही. आणि माझ्या लेन्सचा फोकस ॲपर्चरगणिक वेगळ्या जागी पडतो. एफ/१.५ म्हणजे भोक पूर्ण उघडं, आकडा वाढेल तसं ते बारीक. १.५ साठी कड घासली तर २.८ चुकणार, २.८ साठी घासली तर १.५ चुकणार. लेथवर सुटणारी ही गोष्ट नाही.

असं होतं कारण काचेच्या कडेकडून येणारे किरण मधल्या किरणांपेक्षा थोडे अलीकडे, लेन्सच्या जवळ एकत्र येतात. ॲपर्चर पूर्ण उघडं असलं की कडेचे आणि मधले असे दोन्ही किरण फिल्मवर असतात, आणि सगळ्यात स्पष्ट जागा दोन्हींच्या अधेमधे बसते. ॲपर्चर बारीक केलं की कडेचे किरण कापले जातात. मग स्पष्ट जागा सरकते, आणि फोटोत माणसाच्या डोळ्यांऐवजी त्यांच्या मागची जागा नेमकी येते.

माझी लेन्स झोनार या जुन्या जर्मन लेन्सच्या वंशातली आहे. लुडविग बर्टेले यांनी १९३० च्या दशकात कॉन्टॅक्स कॅमेऱ्यासाठी एफ/१.५ चा झोनार बांधला, तेव्हा काचेवर लेप द्यायची पद्धत रुळलेली नव्हती. काच आणि हवा जिथे भेटतात अशा प्रत्येक पृष्ठभागावर चार-पाच टक्के प्रकाश परत फिरायचा आणि चित्र धुरकट करायचा. बर्टेले यांनी सात काचा तीन गटांत चिकटवून बसवल्या. हवेला भिडणारे पृष्ठभाग सहाच उरले. काळे गडद काळे आले, उजेड असलेली बाजू स्वच्छ आली. त्या घडणीत कडेच्या किरणांचा हा दोष थोडा शिल्लक राहिला. तो अपघाताने राहिलेला नाही, कशाच्या तरी बदल्यात आलेला आहे. हे मला आज माहीत आहे. त्या दिवशी तालमीत माहीत नव्हतं.

तालमीचं नाव लिहीत नाही. शहरातली जुनी तालीम आहे एवढं पुरे. वस्तादांना पंचाहत्तर पूर्ण होणार होती, पोरांनी सत्कार ठरवला होता, आणि आत मारुतीच्या शेजारी लावायला मोठा फोटो हवा होता. काम माझ्याकडे आलं. पैशाचा विषय मी निघू दिला नाही, कारण लहानपणी माझे वडील मला त्याच हौद्याच्या काठावर उभं करून कुस्त्या दाखवायचे.

डिसेंबरची पहाट. आत तेल, ताक आणि हळद मुरलेल्या लाल मातीचा वास. पोरांचे जोर चालले होते. उजेड एका झरोक्यातून तिरपा उतरत होता आणि वस्ताद कट्ट्यावर त्या उजेडाच्या कडेला बसले होते. मान किंचित वळलेली. जवळचा कान माझ्याकडे. तो कान तुम्ही बघायला हवा: आयुष्यभर मातीत घासून, दाबला जाऊन, आक्रसून कवडीसारखा झालेला.

फिल्म चारशेची होती. पूर्ण उघड्या १.५ वर एकशेपंचविसांश सेकंद मिळत होता. मी तसंच काढायला हवं होतं. पण मोठा प्रिंट व्हायचा होता. मला वाटलं, १.५ वर एक डोळा येईल, दुसरा जाईल, धोका नको. मी २.८ वर आलो आणि तीसांश सेकंद पत्करला. कोपर खांबाला टेकवलं. पॅचमध्ये जवळच्या डोळ्याची खालची पापणी जुळवली, परत सोडली, परत जुळवली. सहा फ्रेम घेतल्या. वस्ताद हलले नाहीत. पोरांचे जोर मोजत ते मधूनच आकडा म्हणायचे, तेवढाच ओठ हलायचा. बाहेर आलो तेव्हा चांगलं काम झाल्यावर जे वाटतं ते मला वाटत होतं.

वीस बाय चोवीस इंचाचा प्रिंट घेऊन गेलो. दारातल्या उजेडात उघडला. वस्तादांचा नातू बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "काका, डोळं निजल्यागत दिसाय लागल्यात."

खरं होतं. डोळे मऊ होते. बंद नव्हते, हललेले नव्हते, फक्त नजर नव्हती. आणि कान, तो कवडीसारखा कान, सुरकुतीसुरकुतीने स्पष्ट होता. कानाच्या पाळीवरची लव दिसत होती. म्हणजे हात हलला नव्हता. फोकस दोन-तीन बोटं मागे जाऊन कानावर बसला होता.

वस्तादांनी प्रिंट गुडघ्यावर घेतला. कानावरून बोट फिरवलं. "कान बेस आलाय," म्हणाले. त्यांनी ते बरं वाटावं म्हणून म्हटलं की खरंच म्हटलं, हे मी कितीदा उलटून पाहिलं आहे. पैलवानाला कानाचा अभिमान असतो. पण तो कान मी निवडला नव्हता. मी डोळे निवडले होते.

सत्काराच्या दिवशी मारुतीच्या शेजारी दुसराच फोटो होता. नातवाने त्याच पहाटे माझ्या मागे उभं राहून मोबाइलवर काढलेला. डोळे लख्ख.

त्याच रात्री मी मुंबईच्या एका वृद्ध तंत्रज्ञांना फोन केला. दोन महिन्यांपूर्वी त्यांनीच लेन्स साफ करून दिली होती. "तुम्ही माझी लेन्स बिघडवलीत," मी म्हणालो. त्यांनी शांतपणे एकच विचारलं, "साहेब, एफ किती ठेवला होतात?" मला ती पळवाट वाटली. मी पुढे जे बोललो ते इथे लिहायची माझी तयारी नाही. ते म्हणाले, "पाठवून द्या. पैसे घेणार नाही." लेन्स परत आली तेव्हा डब्यात चिठ्ठी होती: "आता २.८ ला बरोबर. १.५ ला पुढे पडेल. तुम्हाला कुठलं हवं ते कळवा." तेव्हाही मला वाटलं की हे झाकपाक करताहेत.

मग गच्चीवर पाट तिरका लावला, त्यावर सुताराची टेप चिकटवली, आणि एक मीटरवरून प्रत्येक ॲपर्चरला एकेक फ्रेम घेतली. सगळं त्या चिठ्ठीप्रमाणे निघालं. २.८ ला नेमका, १.५ ला तीन सेंटिमीटर अलीकडे. लेन्स पुन्हा त्यांच्याकडे पाठवून १.५ ला बसवून घेतली आणि तीच परीक्षा परत केली. आता १.५ ला नेमका, २ ला थोडा मागे, २.८ ला तीन सेंटिमीटर मागे. ४ ला सरक आहेच पण डेप्थ, म्हणजे फोकसच्या पुढेमागे जेवढं स्पष्ट येतं ते अंतर, तिला झाकायला लागते, ५.६ ला बहुतेक झाकली जाते, ८ ला शोधूनही दिसत नाही.

अंतर वाढलं की ही सरक अंतराच्या वर्गाने वाढते, दोन मीटरवर चौपट. डेप्थही त्याच प्रमाणात वाढते, म्हणून लांबून काढलं की प्रश्न मिटतो या समजुतीत अर्थ नाही. तालमीत मी सव्वा मीटरवर होतो. तिथे साडेचार-पाच सेंटिमीटर. वळलेल्या मानेत डोळ्यापासून कानापर्यंत तेवढंच अंतर होतं. हे गणित मी वहीत मांडलं तेव्हा फार वाईट वाटलं, कारण पहाटे काही गूढ घडलेलं नव्हतं. सगळं आधी कळण्यासारखं होतं.

तेव्हाचा मी म्हणायचा, एवढे पैसे मोजल्यावर यंत्राने निमूट काम करावं, त्याचे रुसवेफुगवे मी का सांभाळू? त्याचं म्हणणं मला अजूनही पूर्ण खोडता येत नाही. मिररलेस कॅमेऱ्यात लेन्समधलं चित्र थेट पडद्यावर दिसतं; तिथे ज्या ॲपर्चरला काढायचं त्याच ॲपर्चरला फोकस केला तर सरक समोर दिसते आणि प्रश्नच उरत नाही, हे मी मान्य करतो. आरशातून लेन्समधलं चित्र दाखवणाऱ्या एसएलआरवाल्यांनी मात्र फार खूश होऊ नये, त्यांच्या फाइंडरमध्येही उघड्या ॲपर्चरचंच चित्र असतं. मी मिररलेस घेतला नाही याला माझ्याकडे युक्तिवाद नाही. मला काचेतून थेट माणूस बघायला आवडतं, पडद्यावर नाही. ही आवड आहे, तिला तत्त्व म्हणणार नाही.

आता १.५ ला काढतो, किंवा थेट ५.६ च्या पुढे. मधलं २.८ लागलंच तर पॅचमध्ये नाकाचा शेंडा जुळवतो म्हणजे डोळे येतात, किंवा डोळा जुळवून शरीर दोन बोटं मागे घेतो. दहात सात वेळा साधतं. तीन वेळा नाही. लग्नाच्या कामाला मी ही लेन्स नेत नाही, कुणी आग्रह केला तरी नाही. मग ठेवली कशाला? कारण पूर्ण उघडी असताना, झरोक्याच्या उजेडात, ती चेहऱ्याची एक बाजू अंधारात जाताना जशी उतरवते तशी दुसरी कुठली माझ्याकडे नाही. यावर तुम्ही म्हणाल, मग त्या पहाटे १.५ ला का नाही काढलंत? म्हणा. मीही रोज म्हणतो.

मुंबईला तो दुसरा फोन मी केलेला नाही. दुसऱ्यांदा लेन्स आली तेव्हाही बिल नव्हतं. मी पोस्टकार्डावर "मिळाली, धन्यवाद" एवढंच लिहिलं. जे लिहायला हवं होतं ते लिहिलं नाही.

गेल्या महिन्यात तालमीत गेलो होतो. मारुतीशेजारी नातवाचाच फोटो आहे, त्याला ताजा हार होता. वस्तादांना म्हटलं, "एकदा परत बसाल का?" "आता कशाला," म्हणाले, आणि पोरांच्या बैठका मोजायला लागले. मी कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही. निघताना नातू म्हणाला की माझा प्रिंट आजोबांनी घरी नेलाय, कुणाला हात लावू देत नाहीत. कुठे लावलाय, ते मी विचारलं नाही.